वाटीभर ताक

खानावळीत समोर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ताकाची वाटी तोंडाला लावली, ती रिकामी होईपर्यंत खाली ठेवलीच नाही. मिशीवरचा पांढरा ओघळ पंजानं पुसून ते स्वतःशीच हसले. माझा घास हातातच राहिला.

अण्णा, माझे वडील, शेवटच्या दुखण्यात सारखं ताकच मागत होते. अँटिबायोटिक्सनी पोट पार बिघडलेलं. मी म्हणायचो, "कफ होईल, अण्णा."

"अरे, ताक मागतोय, दारू नाही!"

कफ हे निमित्त होतं. जुलाब वाढले तर चादरी मलाच धुवाव्या लागतील, ही खरी भीती. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

पुढे डॉक्टरांनी प्रोबायोटिकच्या पुड्या लिहून दिल्या. म्हणाले, "औषधांनी पोटातले चांगले जंतूही मरतात, ते परत भरायचे. ताक देताय ना?" मी हो म्हणून टाकलं.

पोटात म्हणे असंख्य जीव निमूट राबत असतात आणि आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो. मला तर समोरच्या खाटेवरच्या माणसाचाही नव्हता.

त्याच दुपारी मी ताक घुसळलं, जिरं-मीठ घातलं, वाटी त्यांच्या ओठांशी नेली. त्यांनी मान वळवली.

"राहू दे रे. चादर खराब होते. तुला त्रास."

त्यानंतर त्यांनी काहीच मागितलं नाही. अजून वाटतं, एकदा मागावं त्यांनी. रागावून, ओरडून, कसंही.