पालीचा नववास्तववाद आणि एक जांभळं लुगडं

गेली अठरा वर्षं मी आमच्या फिल्म क्लबात दुसऱ्यांच्या सिनेमांतल्या चुका काढते. जपानी सिनेमातली शांतता, जर्मन सिनेमातल्या वाकड्यातिकड्या सावल्या, कशावरही मला पाऊण तास द्या, मी सव्वा तास घेते. यंदा मात्र सगळ्यांनी ठरवलं की प्रत्येकानं स्वतः पाच मिनिटांची फिल्म करून आणायची. माझी बोबडीच वळली. हे जमलं नाही तर बाई नुसत्या बोलघेवड्या, हे जगजाहीर होणार होतं.

मी नववास्तववाद निवडला. युद्धानंतर इटलीतले दिग्दर्शक स्टुडिओ सोडून रस्त्यावर उतरले, नटांऐवजी साधी माणसं घेतली, उघड्या उन्हात शूटिंग केलं. माझ्याकडेही स्टुडिओ नव्हता, नट नव्हते, दिवे नव्हते. इटलीशी एवढं साम्य पाहून मला भरूनच आलं.

शनिवारी सकाळी सहाला नवऱ्यानं, म्हणजे शरदनं, गाडी काढली. कापूरहोळला मिसळ खाल्ली आणि उजवीकडे भोरला वळलो. पेट्रोल, हवा सगळं कापूरहोळलाच बघून घ्या.

भोरच्या एसटी स्टँडसमोर कॅमेरा लावला. बेसावध, अस्सल माणसं टिपायची होती. इस्त्रीचा शर्ट घातलेले एक काका थांबले.

"कुठलं युनिट?"

"युनिट नाही हो, मी एकटीच."

"असू दे. पासिंग देऊ का?"

मला ओ की ठो कळेना. हिरोच्या मागून जी माणसं सहज चालत जातात ना, त्याला पासिंग म्हणतात, असं त्यांनीच मला शिकवलं. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून सहा सिनेमांत दिलं होतं त्यांनी. इथे सतत शूटिंगं चालतात हे सगळ्या पुण्याला ठाऊक आहे. मला नव्हतं, कारण मी 'तसले' सिनेमे बघत नाही. दिवसभरात मला बेसावध माणूस एकच सापडला, तो म्हणजे शरद, आणि तोही वडा खाताना.

मुक्काम भोरलाच केला. लॉज स्वच्छ आहे, फक्त गरम पाणी आठपर्यंतच. रविवारी परत हायवेला येऊन नसरापूरवरून विंझरचा रस्ता धरला. पुढचे खड्डे असे, की चालत्या गाडीतून घेतलेलं माझं सगळं चित्रण आपोआप, हलत्या कॅमेऱ्यासाठी गाजलेल्या फ्रेंच नवलाटेत गेलं.

राजगडाखालच्या पालीत शेवंताबाई भेटल्या. सत्तरीच्या, डोक्यावर गवताचा भारा, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. मी मनातल्या मनात इटलीला नमस्कार केला. बांधावरून चालत याल का, म्हणून विचारलं.

"रडत येऊ का नुसती?"

"नुसत्या या, मावशी."

"मंग तुमी हिकडनं घ्या. सूर्व्या मागं हाय, तोंड काळं यील."

चार सिनेमांत त्या मयतीला रडल्या होत्या. दर वेळी फाटकं लुगडं नेसवलेलं, दर वेळी मेलेला माणूस वेगळा. त्यांनी बांधावरून एकाच टेकमध्ये असं चालून दाखवलं की माझ्या अंगावर काटा आला. काम फत्ते झालं होतं. मी कॅमेरा पिशवीत घालणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा ताई. आता मला चांगल्या लुगड्यात घ्या."

मी समजावलं. नववास्तववाद सांगितला, इटली सांगितली. शेवटी म्हणाले, "मावशी, ते खरं वाटणार नाही."

"माजंच लुगडं हाय. खोटं कसं वाटंल?"

शरद हसला. मी कॅमेरा पुन्हा लावला.

त्या जांभळं लुगडं नेसून, नथ घालून आल्या, ओट्यावर बसल्या, थेट कॅमेऱ्यात बघून हसल्या आणि बोलायला लागल्या. लेकीच्या लग्नाला घेतलेलं लुगडं, तेव्हापासून तिसऱ्यांदा नेसलेलं. बोलताना तीनदा पदर सारखा केला. "समदे येत्यात, हितं रड, तितं चाल म्हणत्यात. मला कसं दिसायचंय ते कुणीच इचारत न्हाई. तुमी हेच दावा बरं का लोकास्नी."

"हेच दाखवीन," मी म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

त्यांनी पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. परतीच्या वाटेवर मी गाडीतच त्यांच्या मुलीच्या मोबाईलवर लुगड्याची फिल्म पाठवली.

पुढच्या रविवारी क्लबात माझी पाळी आली. दोन्ही फिल्म जवळ होत्या. समोर ज्यांना मी अठरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या ते सगळे हाताची घडी घालून बसलेले. लुगड्याची लावली असती तर ही बाई लग्नाला निघाल्यासारखी का दिसते, कॅमेऱ्यात का बघते, हे पहिल्यांदा मीच विचारलं असतं. मी भाऱ्याची लावली.

टाळ्या पडल्या. "काय सहजता! बाईंना कॅमेऱ्याचा पत्ताच नाही!" एक ज्येष्ठ सभासद गहिवरले. मी मान खाली घालून हसले. त्यांना तो विनय वाटला. शरदनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला माझीच लाज वाटली. माझा समोसा मी त्याच्या बशीत ठेवला.

सोमवारी सकाळी फोन वाजला. शेवंताबाई होत्या.

"ताई, दावलं का? आवडलं का लोकास्नी माजं लुगडं?"

"हो मावशी," मी म्हणाले. "खूप आवडलं."

"व्हय?" त्या हसल्या, आणि तिथूनच कुणाला तरी ओरडून सांगितलं, "आगं, आवडलं बग पुन्यात!"