पांदीतले सात दगड

मार्च १९७३, शुक्रवार. रेशनची तांबडी मिलो ज्वारी सुपात घेऊन मी उंबऱ्यावर खडे निवडत होते. रस्त्याच्या दुष्काळी कामावर डाव्या पायावर दगड पडून दोन बोटं मोडली, त्याला तीन आठवडे झाले होते. महिनाभर पाय टेकवायचा नाही, असं तिसगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

धाकटी जाऊ कामावरून आली ती बातमी घेऊनच. "आक्का, उद्यापासनं नाल्यातनं दगड वाहायचं बंद. मुकादम म्हनला, पांदीतलं उभं दगड फोडा. रस्त्याच्या कडंलाच हायेत."

पांदीतले म्हणजे जुने कोरलेले सात दगड, कुण्या काळी लढून मेलेल्यांचे. वीस वर्षं मी त्यांच्याजवळून पाण्याला गेले. डोक्यावर हंडा, नजर पायाखाली. एकदाही नीट बघितले नव्हते.

"चल, बघून येऊ."

"आन् डागदर काय म्हनला?"

"डॉक्टर पांदीत राहत नाही."

काठी टेकत निघाले. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत जाईतो पाय ठणकायला लागे. मग बसायचं, आणि बसल्यावर बघण्याशिवाय दुसरं काम नव्हतं. पहिल्यावर घोडेस्वार, लगामाचा पीळसुद्धा कोरलेला. दुसऱ्यावर ढालवाला गडी आणि त्याच्या पायाशी गायींची रांग. त्यातली एकच गाय मान वळवून मागं बघत होती. तिसरा शेवाळानं खाल्लेला, वर फक्त चंद्रसूर्य उरलेले. पाचवा सतीचा, त्यावर नुसता बाईचा हात, कोपरात दुमडलेला, बांगड्यांनी भरलेला. दोन बांगड्यांमधल्या फटीत माझं नख शिरलं.

ज्यानं हे कोरलं त्याला घाई नव्हती. आणि उद्या दुपारपर्यंत याची खडी होणार होती.

"घरी जा," मी जावेला म्हणाले. "मारुतीसाठी आणलेला शेंदूर आणि तेलाची वाटी घेऊन ये."

"ह्ये काय देव हायेत व्हय?"

"उद्यापर्यंत होतील."

"आन् नाल्यातला दगड कोन वाहनार? आमच्याच टाळक्यावर ना?"

"वाहता येणार नाही, पण फोडायला मी येईन. तू आण."

देवाधर्माशी माझी जेमतेम ओळख. गावाला मात्र मी पुरती ओळखत होते. शेंदूर लागलेल्या दगडाला इथं कुणी पायसुद्धा लावत नाही, हातोडा तर लांबच. सातही दगड माखून घरी पोचले तेव्हा पाय भोपळ्याएवढा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी पांदीत जाऊन बसले. मुकादम आला आणि थबकला.

"कुनी केलं ह्ये?"

"मी. फोडायचे तर फोडा. पहिला घाव तुम्ही घाला."

त्यानं हातोडा एका गड्याकडं दिला, गड्यानं दुसऱ्याकडं. दुसऱ्यानं तो खाली ठेवला. शेवटी मुकादमानंच चपला काढल्या, घोडेस्वाराला हात जोडले आणि माझ्याकडं बघत म्हणाला, "लई आगाव बाई हाय ही. चला रं नाल्यात!"

बायका माझ्यावर करवादल्या. रास्तच होतं, दगड लांबून त्यांनाच आणायचा होता. जावेनं पहिलं घमेलं माझ्यापुढं मुद्दाम आदळलं. मी पाय पालथ्या पाटीवर ठेवला, हातोडी घेतली आणि खडी फोडायला लागले.