तीनदा कापलेला फोन

लेक रोम बघायला निघाली, तेव्हा सगळा भार देवीवर टाकला आहे, असं मी भेटेल त्याला सांगत होते. खरं तर टाकला नव्हता. आम्ही पंधरा वर्षं सिंगापूरला आहोत, सायली इथल्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे, आणि परीक्षा संपल्यावर वर्गातल्या हुई मिनबरोबर रोम पाहून येण्याचा तिचा हट्ट होता. मी देवीच्या टाकासमोर नारळ ठेवला आणि लगेच उठून तिची बॅग स्वतः भरली. पासपोर्टच्या कव्हरला आतून, 'मदर' असं लिहून, माझ्या नंबरची चिठ्ठी चिकटवली. फक्त माझ्या नंबरची, कारण काहीही झालं तरी ते आधी मला कळलं पाहिजे, असा माझा स्वभाव आहे. मग इथल्या तोआ पायोह भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून रोज सूचना सुरू झाल्या: पाणी पी, टोपी घाल, रस्ता बघून ओलांड. "उंटावरून शेळ्या हाकणं पुरे कर आता," असं आमचे हे म्हणायचे. मी म्हणायचे, देवीला काय आपलं एकच घर आहे का? विश्वास तिच्यावर होता, पण देखरेख माझी होती.

तसे दिवस मजेत गेले. जुने भग्न खांब, कारंजी, आइस्क्रीम आणि पुन्हा आइस्क्रीम, असे फोटो येत होते. शेवटच्या दिवशी, शनिवारी, मी संध्याकाळचा दिवा लावत असताना सायलीचा फोन आला. तिकडे दुपारचा एक वाजला असेल. "मम्मी, बॅग गॉन ऑलरेडी!" एवढंच बोलून ती रडायला लागली. फोन हातात होता म्हणून वाचला, पण खांद्यावरच्या त्या बॅगेत पासपोर्ट होता. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचं विमान होतं आणि मंगळवारी इंटर्नशिपवर रुजू व्हायचं होतं. बॅग होती कुठे, असं मी ओरडून विचारलं, तर हुंदके देत म्हणाली, "टेबल चोप केलं होतं ना! आम्ही आत ऑर्डर द्यायला गेलो, टू मिनिट्स ओन्ली!"

इथल्या हॉकर सेंटरमध्ये जेवण आणायला जाण्याआधी टेबलावर टिश्यूचं पाकीट, छत्री, नाहीतर सरळ पर्स ठेवून जागा धरतात. त्याला चोप करणं म्हणतात, आणि त्या वस्तूला कुणी हात लावत नाही. पोरीने तेच रोममध्ये, भर बाजारात, एका कॅफेच्या रस्त्यावरच्या खुर्चीवर केलं. मी तिला फाडफाड बोलणार, एवढ्यात मला आठवलं. ती सहा वर्षांची असताना "पळ, ते टेबल धर," म्हणून तिच्या हातात माझी पर्स कोण द्यायचं? मीच.

त्या दोघी पोलीस चौकीकडे धावल्या. हे लॅपटॉप घेऊन बसले, पण शनिवार असल्याने रोममधल्या वकिलातीसकट सगळ्या कचेऱ्या बंद होत्या. मी फोन हातात घट्ट धरून बसले होते. इतक्यात तो वाजला. अनोळखी नंबर, आधी अधिकचं चिन्ह. असे परदेशातून येणारे फोन म्हणजे फसवणूक, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि ते उचलायचे नाहीत हा आमच्या घरचा नियम मीच केलेला. शिवाय सायलीसाठी फोन मोकळा हवा होता. मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा "मेल्यांना आत्ताच सुचतंय!" म्हणून दातओठ खात कापला.

मग देवीसमोर जाऊन बसले आणि रोजचं स्तोत्र म्हणायला घेतलं. दुसऱ्याच ओळीला अडखळले. पुढचं काही आठवेना. लहानपणापासूनचं पाठांतर, झोपेत म्हणेन असं, आणि एक शब्द सुचेना. तेव्हा मात्र मला रडू कोसळलं. मी एवढंच म्हणाले, "आई, माझ्याने आता काही होत नाही. पोर तुझीच आहे, तूच बघ." आयुष्यात पहिल्यांदा मी हे मनापासून म्हणाले. म्हटल्यावर छाती हलकी झाली, हेही खरं.

फोन चौथ्यांदा वाजला. तोच नंबर. "घेऊ नकोस," असं हे मागून म्हणाले आणि मी घेतला. का घेतला, ते मला आजही सांगता येत नाही. पलीकडे एक बाई होत्या. मी सायलीची आई का, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं आणि माझा रडवेला आवाज ऐकून हिंदीवर आल्या. मूळच्या केरळच्या, कित्येक वर्षं रोममध्ये असलेल्या एक सिस्टर. चर्चच्या पायऱ्यांवरच्या कुंड्यांना पाणी घालताना त्यांना चोराने टाकून दिलेली बॅग दिसली होती. पैसे गेले होते, पासपोर्ट जागेवर होता. "दीदी, आप बार-बार काट क्यों रही थीं?" त्यांनी हसत विचारलं. तीनदा कापल्यावर त्यांनी नाद सोडला होता, जेवायलाही बसल्या होत्या. पण घास घशाखाली उतरेना, म्हणून उठून पुन्हा एकदा फोन लावला होता.

मी सायलीला पत्ता कळवला. ते चर्च त्या कॅफेपासून तीन गल्ल्यांवर होतं. अर्ध्या तासाने फोटो आला: दोन्ही पोरी सिस्टरच्या टेबलाशी बसून जेवत होत्या, आणि रडून लाल झालेले सायलीचे डोळे माझ्याकडे बघून हसत होते.

चांगी विमानतळावर गळ्यात पडून सायलीने इथल्या धाटणीच्या इंग्रजीत विचारलं, "मम्मी, यू नॉट स्कोल्डिंग मी मेह?" मी कुठल्या तोंडाने रागावणार? चिठ्ठीमुळे काम झालं, असं हे म्हणतात. मी वाद घालत नाही. पण त्या चिठ्ठीवरून आलेली मदत मी स्वतःच्या हाताने तीनदा परतवली होती, आणि तरी ती चौथ्यांदा आली, एवढं मला विसरता येत नाही. इतकी वर्षं, माझी हाक तुला ऐकू येत नाही का, म्हणून मी देवीशी भांडत आले. त्या संध्याकाळी हाक तिची होती, आणि बहिरी मी होते.

त्या सिस्टरना आमच्या घरातला रोजचा नमस्कार पोचत असेलच. सायली आता कुठे निघाली की मी हात जोडते आणि स्वयंपाकाला लागते. काळजी वाटतेच. पण ती करायला मी एकटी नाही, हे आता मला माहीत आहे.