सरलामावशींच्या स्वयंपाकघरातली कोंबडी

सरलामावशींच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. त्या दिल्लीत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहेत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. मी जवळच, मुनिरकात खोली घेऊन राहते. रविवारी त्यांच्याकडे जेवते. नातं काहीच नाही. मी त्यांना मावशी म्हणते, एवढंच.

त्यांचा कुत्रा भोपळ्या. रस्त्यावरचा, पिवळट, पिल्लू असताना जिन्याखाली सापडलेला. घरात जे शिजेल ते तो खायचा. वरण-भात, वर साजूक तूप. मावशींच्या दृष्टीने यापेक्षा चांगलं अन्न जगात नव्हतं. चातुर्मास लागला की घरातला कांदा-लसूण बंद व्हायचा, तसा भोपळ्याचाही.

यंदा त्याचे केस गळायला लागले. मग तो जिना चढेना. आम्ही त्याला रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर रोहतकचे, पण शिकलेले महाराष्ट्रात. त्यांनी त्याच्या बरगड्या चाचपल्या, काय खातो ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माताजी, ये कुत्ता है, पुजारी नहीं."

मावशींनी भोपळ्याला जवळ ओढलं.

"कांदा-लसूण आता बंद आहे, ये अच्छा है, तो कायमचाच बंद ठेवा," डॉक्टर त्यांच्या मोडक्या मराठीत समजूत घालायला लागले. "तूप बंद. मांस पाहिजे. नाहीतर चांगलं तयार अन्न. तोवर थोडं पनीर द्या, पण त्यावर फार दिवस काढू नका."

येताना आम्ही कुत्र्यांचं तयार अन्न मिळतं त्या दुकानात गेलो. मावशींनी चष्मा लावून प्रत्येक पाकीट वाचलं. मग दुकानदाराला विचारलं, "इसमें लिखा है मांस और पशुजन्य पदार्थ. कौन सा पशु? कहाँ का?"

"आंटीजी, कुत्ता तो पूछ नहीं रहा."

"मैं तो पूछ रही हूँ."

त्यांनी पाकिटांवरच्या नंबरांवर फोनही केले. कुठूनच सरळ उत्तर मिळालं नाही. मावशी आयुष्यभर फायलींवर 'स्पष्टीकरण मागवावे' असा शेरा मारत आल्यात. त्यांनी एकही पाकीट घेतलं नाही.

घरी गुणवंतकाकांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, निकाल देऊन टाकला. "मांस घरात येणार नाही. निदान चातुर्मास संपेपर्यंत."

"आणि तोवर भोपळ्याने काय करायचं? उपास?" मावशींनी विचारलं.

काका पेपरमागे गेले.

डॉक्टरांकडूनच अनुरागचा पत्ता मिळाला. हा पुण्याचा मुलगा. गुरुग्राममधली आयटीतली नोकरी सोडून त्याने फरुखनगरजवळ कोंबड्या पाळल्या होत्या. कोंबड्या मोकळ्या फिरायच्या. छातीचं मांस हॉटेलं घ्यायची. मान, काळीज, पाय असं जे कुणी घेत नसे, ते तांदूळ आणि भाज्यांबरोबर शिजवून तो कुत्र्यांचं अन्न करायचा. त्यात काय किती घालायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. अन्न स्टीलच्या डब्यात जायचं, रिकामा डबा परत यायचा. मला वाटलं, प्रश्न सुटला. फोनवरून मागवून टाकू.

"बघून येऊ," मावशी म्हणाल्या.

अनुरागने आम्हाला सगळं उत्साहाने दाखवलं. अंगण, पाणी, सावलीची झाडं, स्वच्छ भटारखाना. मावशींनी सगळं पाहिलं आणि विचारलं, "मारता कुठे?"

तो अडखळला. "मावशी, ते तुम्ही कशाला बघता? तुम्ही तर शाकाहारी."

"मी विकत घेणार. म्हणजे ते माझ्यासाठीच होणार. मग मला बघायला नको?"

मी बाहेर थांबले. माझ्या घरी दर बुधवारी मटण होतं, आणि मी बाहेर थांबले. मावशी पदर खोचून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. नळावर त्यांनी तोंडावर पाणी मारलं. मला वाटलं, आता परत जायचं.

"हात स्वच्छ आहे तुमच्या माणसाचा. एका झटक्यात करतो," त्या अनुरागला म्हणाल्या. "पण बाकीच्या कोंबड्या समोरच्या जाळीतून सगळं बघत असतात. ओरडत होत्या. ते नाही चालणार."

"मावशी, एवढं कुणीच विचारत नाही."

"मी विचारलं ना. भिंत घाला मध्ये. मग घेईन."

परतीच्या वाटेवर मी म्हणाले, "मावशी, भोपळ्या आजारी आहे. आत्ता घेऊन टाकायला हवं होतं."

"माहीत आहे गं मला," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्या आठवड्यात त्या ऑफिसातून रोज दोनदा घरी फोन करून विचारायच्या, त्याने पनीर खाल्लं का. तो अर्धं टाकत होता.

शनिवारी अनुरागचा फोन आला. भिंत झाली होती. मावशींनी फोनवर विश्वास ठेवला नाही. आम्ही पुन्हा गेलो. ताज्या विटांची भिंत होती, अजून ओली. तिच्या अलीकडे कोंबड्या शांतपणे माती उकरत होत्या. मावशींनी दोन डबे घेतले.

"तुमच्यामुळे खर्च झाला बरं का," अनुराग म्हणाला.

"झाला असेलच. आता हे सगळ्यांना दाखवत जा. लपवू नका."

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी एक वेगळं पातेलं काढलं, डबा उघडला, गॅस लावला. ज्या ओट्यावर चातुर्मासात लसणाची पाकळी येत नाही, तिथे कोंबडीचा वास सुटला. मावशींनी नाकाला पदर लावला, पण हात थांबला नाही. काका दारात येऊन उभे राहिले. तिथूनच पातेल्यात डोकावले.

मग म्हणाले, "मीठ घातलंस का?"

"कुत्र्यांना मीठ नको."

"अच्छा," काका म्हणाले. खाली वाकून त्यांनी भोपळ्याची थाळी पुढे केली.

भोपळ्या उठला. आधी नुसता हुंगत राहिला. मग त्याने खायला सुरुवात केली आणि थाळी फरशीवर सरकत सरकत फ्रिजपर्यंत गेली. मावशी त्याच्यामागे ती थाळी पायाने धरून ठेवत होत्या, नाकाला पदर तसाच.