दादारावनं क्रेन बंद केली

२०२३ साल. मी सदुसष्ट वर्षांचा. बाभुळगावजवळ एका शेतात माझ्या टोळीसंग विहीर खोदून राह्यलो होतो. एका सकाळी खाली उतरायच्या बकेटीत पाय टाकला आणि क्रेनवाल्या दादारावनं इंजिनच बंद केलं.

"उतरा, मामा. मी तुमाले खाली सोडत नाही."

"काहून?"

"पाय पाहा, कसे सुजले. काल वर आले तं धापून राह्यलते. खाली चक्कर आली तं?"

माझी शाळा चौथीपर्यंत, पण विहिरीतलं मले कोणी शिकवू नये. म्हटलं, "डाक्टरचं सर्टिफिकेट आणतो. मंग माफी मागजो."

"मागतो ना. आणा तं खरं."

यवतमाळला गेलो. डाक्टरीणबाई पोरीच्या वयाच्या. बीपी पाहिलं, रक्त-लघवी तपासली.

"काका, किडनी निम्म्याहून कमी काम करते."

"दुखत तं काहीच नाही."

"ती दुखत नाही, म्हणूनच उशीर होतो. किडनी रक्त गाळते आणि नवं रक्त बनवायची खूणही देते. ती थकली म्हणून रक्त कमी झालं, धाप लागते. बीपी असंच वाढलेलं राहिलं तर हृदय, मेंदू दोन्हीला धोका. दिवसभर पाणी पिता?"

"खाली उतरलो की नाही. उद्या लोक पिणार त्या विहिरीत लघवी कशी करावी? म्हणून पाणीच पीत नाही आम्ही."

"आणि गुडघ्यांसाठी?"

"मेडिकलातली गोळी. रोज."

बाईंनी पेन खाली ठेवला. "ती आजपासून बंद. ती किडनीला मारते. पाणी न पिता तर जास्तच. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळू. मीठ कमी. तुम्हाला सूज आहे, पाणी मी सांगेन तेवढंच. तुमच्या माणसांनी मात्र उन्हात भरपूर प्यायला पाहिजे."

"सर्टिफिकेट?"

"विहिरीत उतरायचं नाही, असं लिहून देऊ?"

नको म्हटलं आणि उठलो. परतताना बसमध्ये दादारावचाच विचार होता. त्या दिवशी त्यानं मले खाली सोडलं असतं तं हे सांगायला मी नसतो. इतकं कामाचं भांडण माझ्याशी आजवर कोणी केलं नव्हतं.

किडनी कुरकुर करत नाही. कोणी दुसऱ्यानं केली तं ऐकून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेलो. दादाराव म्हणाला, "कोणं मागाव माफी, मामा?"

"मी," म्हटलं. मग काठावर उभं राहून चहाच्या सुट्टीआधीच खालची माणसं वर बोलावली, लघवीला बाभळीआड धाडली, आणि पाणी पिल्याशिवाय कोणालाच बकेटीत बसू दिलं नाही.