फ्लायडररांची चौथी वेणी

हार्टमूट फ्लायडरर पन्नाशीत धावायला लागले आणि तेव्हापासून घरातलं प्रत्येक काम त्यांच्या धावण्याच्या आड येऊ लागलं. त्याआधी ती कामं ते करतच नव्हते, त्यामुळे आड यायचा प्रश्न नव्हता.

ऑक्टोबरातला शनिवार होता, पाऊस सकाळपासून चिकटलेला. दुसऱ्या दिवशी गावची दहा किलोमीटरची शर्यत. या द्राक्षमळ्यांच्या गावात शर्यतीतल्या शेवटच्या माणसामागून एक सायकल येते, तिला उभा झाडू बांधलेला असतो. झाडू तुमच्या मागे लागला, म्हणजे तुमच्यामागे आता दुसरं कुणी उरलेलं नाही. शिवाय त्या शेवटच्या माणसाला सगळ्यांसमोर हातभर लांब, वेणी घातलेला गोड पाव देतात आणि टाळ्या वाजवतात. फ्लायडररांनी सलग तीन वर्षं वेणी घरी आणली होती. यंदा चौथी आणायची नाही, असा त्यांनी पणच केला होता.

"उद्या तीनला माझी बहीण येतेय कॉफीला," बायको हायके म्हणाली. "मी केकबिक काही भाजत नाहीये."

"हायके, नवऱ्यावर जरा विश्वास ठेव."

"ठेवलाय ना. म्हणूनच भाजत नाहीये."

फ्रिजवर तिने कामांची यादी लावली होती. गाडीला हिवाळी टायर, बटाट्यांची पोती तळघरात, रिकाम्या बाटल्या. आणि तळाशी, दोनदा अधोरेखित: केर! कारण इमारतीत झाडण्याच्या पाळीची लाकडी पाटी दाराेदार फिरते, आणि या आठवड्यात ती फ्लायडररांच्या दाराला लटकत होती. ज्याच्या दाराला पाटी, त्याने शनिवारी संध्याकाळच्या आत जिना, दारापुढची फरसबंदी आणि तळघराची वाट झाडायची. रविवारी हातात झाडू धरलेला माणूस या गावात कुणी पाहिलेला नाही, आणि पाहिलाच तर त्याच्या घरी मुलगी देणार नाही.

फ्लायडररांनी बाटल्या टाकल्या, बटाटे वाहिले, डावीकडची दोन चाकं बदलली. मग चार वाजले, आणि पायांना चैन पडेना. आधी सहा किलोमीटर हलकेच धावून यावं, मग झाडू. फरसबंदी तर पाऊस धुतोच आहे!

दाराबाहेर पडताच तळमजल्यावरचा पडदा हलला. तिथे श्टेंगलेबाई राहतात. वय चौऱ्याहत्तर, शाळेत कवायत शिकवून निवृत्त. वारा नसतानाही हलणारा गावातला एकमेव पडदा त्यांचा.

"फ्लायडररसाहेब, पाटी तुमच्याच दाराला ना?"

"हो बाई. आलोच मी. पाऊस धुतोय तोवर."

"पाऊस पानं पाडतो. उचलत नाही."

पाच वाजून गेल्यावर फ्लायडरर चिंब होऊन परतले, तळघरात उतरले आणि थबकले. भिंतीवर खिळा होता, झाडू नव्हता. मग डोक्यात उजेड पडला. शर्यतीतली ती सायकल गेली एकोणीस वर्षं श्टेंगलेबाईच चालवतात. इमारतीचा झाडू त्यांनी आजच सायकलीला बांधून टाकला होता. शनिवारी पाच वाजेपर्यंत ज्याने झाडलं नाही असा माणूस इथे राहतो, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. आता मागायला जाणं म्हणजे गुन्हा कबूल करणं.

म्हणून फ्लायडरर चुलीपुढची राख लोटायचा वीतभर ब्रश घेऊन फरसबंदीवर गुडघ्यांवर बसले. दारातल्या लिंडनच्या झाडाची ओली पानं दगडाला तव्याला घावन चिकटावं तशी चिकटलेली. पाऊण तास ते एकेक सोलत होते. खिडकी उघडली.

"अहो, प्रार्थना चाललीय का?"

"जरा बारकाईनं झाडतोय, बाई."

"मग पायपुसणंही उचला."

रविवारी सकाळी फ्लायडररांचे गुडघे जुन्या दारासारखे वाजत होते. चौथ्या किलोमीटरला सगळे पुढे निघून गेले. पावसात मागून सायकलीची टिकटिक ऐकू आली.

"नमस्कार, फ्लायडररसाहेब. तिसऱ्या पायरीचा डावा कोपरा राहिलाय."

"बाई, आज रविवार आहे!"

"म्हणून तर नुसतं बोलतेय. टपालपेटीच्या मागेही राहिलंय."

फ्लायडररांनी वेग वाढवला. बाईंनीही वाढवला.

"तळघराच्या खिडकीत कोळ्याने घर केलंय. पिल्लंही झालीत."

फ्लायडरर जिवाच्या आकांताने पळू लागले. काही जिंकायचं नव्हतं, ऐकू येणं तेवढं थांबवायचं होतं. सातव्या किलोमीटरला चढावर त्यांना एक पाठ दिसली, चष्म्याच्या दुकानवाल्या योर्गची. कुणाला मागे टाकायची सवय नसल्यामुळे जाता जाता ते त्याला "माफ करा" म्हणाले.

योर्गला वेणी मिळाली. सर्वांत जोरात टाळ्या फ्लायडररांनी वाजवल्या.

घरी आले तेव्हा हायके कपबश्या मांडत होती. "वेणी?"

"नाही मिळाली!" फ्लायडरर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद घरभर पसरला.

हायकेने त्यांच्या ओल्या गालाचा मुका घेतला. मग घड्याळाकडे पाहिलं. "मला खरंच आनंद झालाय. आता पाहुणीपुढे काय ठेवू? रविवारी उघडी असते ती एकटी स्टेशनजवळची बेकरी, आणि ती दोनला बंद होते. गाडी काढ."

"गाडी जॅकवर आहे. उजवीकडची चाकं..."

पंचवीस मिनिटं उरली होती आणि बेकरी तीन किलोमीटरवर होती. फ्लायडरर पुन्हा निघाले. पडदा हलला. "अहो, शर्यत संपली!" त्यांनी नुसता हात हलवला.

बेकरीवाली कुलूप शोधत होती. काचेमागे एकच जिन्नस उरला होता, तोच त्यांनी छातीशी धरून आणला.

तीनच्या ठोक्याला मेहुणी आली. टेबलाच्या मध्यावर तिला हातभर लांब वेणी दिसली. फ्लायडररांनी तोंड उघडलं, पण तिने मायेने त्यांचा खांदा थोपटला.

"असू दे रे, हार्टमूट. भाग घेतलास, तेच खूप झालं. मोठा तुकडा दे हं."