शिळं पाणी

वहिनी गेल्या त्याला आता दीड महिना होईल. बारामतीहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी कुंड्यांना पाणी घालत होतो, आणि खरं सांगायचं तर दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. आता आपल्याला कुणी विचारणार नाही, असं. त्याची लाज वाटली म्हणून लिहायला बसलो. गोष्ट एका माशाची आहे. ती मी इतकी वर्षं टाळली, की आता तिचे काही तुकडे मलाच नीट जुळवता येत नाहीत...

साल नक्की आठवत नाही. साठ साल उलटून चार-पाच वर्षं झाली असावीत. वहिनी लग्न होऊन मुंबईहून आमच्या सणसरच्या घरी आल्या. त्यांची आई त्यांच्या लहानपणीच गेली होती. म्हणून असेल, पण आल्या दिवसापासून त्या माझ्या आईला 'आई' म्हणू लागल्या. गावातल्या सुना सासूला 'आत्याबाई' म्हणायच्या. आईला आधी अवघडल्यासारखं झालं, मग हळूहळू आवडायला लागलं. पहिल्या दिवाळीला माहेरी जाऊन येताना वहिनींनी एक मासा आणला. निळाकाळा, पदरासारखी शेपटी असलेला. फायटर म्हणायचे त्याला. दौंडला गाडी बदलून, काचेची बरणी मांडीवर धरून त्या आल्या, आणि डब्यातल्या एका बाईनं लोणचं कशाचं म्हणून विचारलं, हे दादा पुढं कितीतरी वर्षं सांगायचा.

मासा आला, पण त्याला मानवेल असं पाणी कुठून आणायचं? कालव्याचं पाणी गढूळ. गाळ खाली बसवून घातलं तरी मासा मलूल पडला. आमच्या विहिरीचं पाणी जरा मचूळ, शिवाय पटकीच्या भीतीनं त्यात अधूनमधून ब्लीचिंगची पावडर टाकायचे. शेवटी वहिनींनी विहिरीचंच पाणी घेतलं, पण माठात भरून, तोंडाला नुसतं विरविरीत फडकं बांधून दोन दिवस ओसरीवर ठेवायचं ठरवलं. पावडरीचा वास पुरता गेला की मगच ते वापरायचं, तेही निम्मंच बदलायचं. थंडीत त्या माठ उन्हात सरकवायच्या आणि पाण्यात कोपर बुडवून बघायच्या, बाळाच्या अंघोळीला बघतात तसं. बरणीत देशी बदामाचं वाळलेलं पान टाकायच्या, त्यानं पाणी तांबूस व्हायचं आणि माशाला मानवायचं. ती पानं मी बारामतीहून कॉलेजच्या पिशवीतून आणायचो.

आईला हे पटणं अवघड होतं. आमच्याकडं रात्रीचं पाणी सकाळी ओतून टाकायचं आणि ताजं भरायचं, ही रीत.

"शिळं पाणी घरात साठवून ठेवत्यात व्हय गं?"

"आई, याला शिळंच लागतं. ताजं बाधतं याला."

"आन् ह्ये पान? चहा पाजतीस का काय त्येला? माझ्या म्हशीचीबी एवढी बडदास्त न्हाय!"

असं म्हणायची, पण मांजर ओसरीवर आलं की पहिली आईच उठायची.

मग इंदापूरला दादाच्या मित्राचं लग्न निघालं. दोघं जाणार होते. निघताना वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, उद्या बरणीतलं निम्मं पाणी बदला. माठातलंच घाला हं." दुसऱ्या दिवशी मला बारामतीला सिनेमाला जायचं होतं, एसटी गाठायची होती. घाईत माठ उचलला तो हातातून निसटला. ओसरीभर पाणी. खापऱ्या गोळा करून उकिरड्यावर टाकल्या, विहिरीतून बादली शेंदली. पावडरीचा वास आला... आला होता, यात शंका नाही. निम्मंच तर बदलायचंय, असं म्हणून मी ते बरणीत ओतलं आणि निघालो.

संध्याकाळी आलो तर मासा आडवा तरंगत होता. वहिनी माझ्या आधीच येऊन पोचल्या होत्या. त्यांनी बरणी नाकाशी नेली. "पाणी कुणी बदललं?" एवढंच विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात चुलीपाशी भाकरी थापत बसलेली आई म्हणाली, "मी बदाललं. जित्या जिवाला किती दिस शिळ्यात ठिवायचं?"

मी तोंड मिटलं.

वहिनी रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. रात्री पानं घेताना फक्त म्हणाल्या, "सासूबाई, बसा तुम्ही." आईचा हात भाकरीवरच थांबला. त्या दिवसानंतर 'आई' हा शब्द आमच्या घरात माझा आणि दादाचाच राहिला. आईच्या शेवटच्या आजारात वहिनींनी तिचं सगळं केलं, कुठं उणं पडू दिलं नाही, पण हाक तीच... सासूबाई.

आई तसं का म्हणाली? उकिरड्यावर शेण टाकायला ती रोज जायची. खापऱ्या बघून तिनं मला पाठीशी घातलं असेल. की मी गेल्यावर खरंच तिनं, रीतीप्रमाणं, बरणीतलं पाणी ओतून ताजं भरलं होतं? मी बदामाचं पान बरणीतच ठेवलं होतं असं मला वाटतं. संध्याकाळी पान नव्हतं. की घाईत मीच ते काढून टाकलं? आईला विचारायचं तर आधी माझं सांगावं लागलं असतं. ते मी केलं नाही, आणि आई गेली.

गेल्या वर्षी वहिनींकडं गेलो होतो. त्यांच्या गॅलरीत पाण्यानं भरलेली उघडी बादली होती. नळाचं पाणी दोन दिवस राहिल्याशिवाय त्या तुळशीलाही घालत नसत. बसता बसता मधेच म्हणाल्या, "भाऊजी, त्या वेळी ओसरीवरचा माठ कुठं गेला हो?"

"कुठला माठ?" मी म्हणालो.

त्या उठल्या. मग म्हणाल्या, "असू दे. चहा घेणार ना?"

तेराव्याला गेलो तेव्हा बादली तिथंच होती, निम्मी भरलेली. पुतण्याला विचारलं तर म्हणाला, "आईनंच भरली असेल, काका. आम्ही कुणी हात नाही लावला." मी वाकून वास घेतला. कसलाच वास नव्हता. गॅलरीत कुणी नव्हतं, तेव्हा तरी म्हणून बघावं असं वाटलं. वहिनी, माठ माझ्या हातून फुटला. वास आला होता, तरी पाणी मीच ओतलं. आईनं...

इथं अडलो. पुढचं वाक्य कसं संपवायचं ते मला आजही ठाऊक नाही.